न खेळलेली सेमीफायनल

"तुझा पाय मुरगळलाय," आप्पा म्हणाले.

मी खाली बघितलं. दोन्ही पाय जागच्या जागी होते, आणि उलट कालच्यापेक्षा बरेच वाटत होते.

"कुठला?" मी विचारलं.

"कुठलाही. डावा म्हण. उजवा म्हणालीस तर कुणीतरी दाबून बघेल."

डावा दाबून बघणार नाहीत आणि उजवा बघतील, हे त्यांनी कशावरून ठरवलं देव जाणे. पण आप्पा बँकेत मॅनेजर होते, आणि खोटं बोलायचं झालं तरी ते आधी नीट विचार करून, सगळ्या बाजू तपासून मगच बोलायचे.

सोलापुरातल्या एका लॉजच्या खोलीत आम्ही बसलो होतो. मे महिना होता. सकाळ नुकती झाली होती आणि भिंती तेवढ्यातच तापायला लागल्या होत्या. आईनं सांगलीहून बांधून दिलेल्या दशम्यांचा डबा आमच्या दोघांच्या मध्ये उघडा होता. पद्मा खोलीत नव्हती. ती उजाडल्या उजाडल्या समोरच्या क्लबवर पळायला गेली होती, निदान आम्हाला तरी तसंच सांगून गेली होती.

त्या दिवशी सकाळी राज्य ज्युनिअर स्पर्धेची सेमीफायनल होती. नेटच्या एका बाजूला मी, त्रिशला शिरगुप्पे, वय सतरा. दुसऱ्या बाजूला माझी सख्खी धाकटी बहीण पद्मजा, वय चौदा. होय, तीच. जिच्या नावाचा आज आमच्या गावात चौक आहे, आणि त्या चौकात जिचा रॅकेट उगारलेला पुतळा आहे. पुतळ्यात ती डावखुरी दिसते. ती डावखुरी नाही, पण पुतळा बसवून झाल्यावर हे सांगायला कुणी धजावलं नाही.

तर, पाय. टेनिसवाल्या घरांमध्ये तेव्हा एक रीत होती. घरातल्या दोघी स्पर्धेत समोरासमोर आल्या की एकीनं दुखण्याचं निमित्त काढून वॉकओव्हर द्यायचा, म्हणजे न खेळताच सामना सोडायचा. दुसरीचे पाय फायनलसाठी ताजे राहतात. ही काही आप्पांची अक्कल नव्हे, सगळेच करायचे आणि सगळ्यांना ते माहीत असायचं. प्रश्न एवढाच की बाजूला कोणी व्हायचं. आमच्या घरात तो प्रश्नही नव्हता. कोल्हापूरला मला ताप आला होता, नाशिकला माझी पाठ धरली होती. माझ्या तब्येतीची चिंता राज्यभरातल्या टेनिसप्रेमींना लागून राहिलेली असायची.

"आप्पा," मी म्हणाले, "माझी शेवटची ज्युनिअर स्पर्धा आहे ही. पुढच्या वर्षी वय बसणार नाही."

"मग काय झालं? राज्याच्या संघात निवड पद्माची व्हायची आहे. फायनलला ती पुण्याची शर्वाणी येणार. समोरच्याला दोन-दोन तास उन्हात पळवते ती पोरगी. पद्मा ताजी पाहिजे का नको?"

"मला जिंकायचं नाही. मला एकदा तिच्याशी खेळायचंय. खरी मॅच. रेफरी, बोर्डावर नाव, बघायला माणसं."

"घरी रोज खेळताच की."

"घरी आम्ही बरोबरीत असतो, आप्पा. कधी ती, कधी मी. म्हणून तर मला बघायचंय."

आप्पांनी दशमीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाले, "जरा लंगडत जा. क्लबच्या फाटकापासूनच."

मी किती पाण्यात आहे, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. राज्यात पद्माच्या तोडीची मुलगी नाही असं सगळे म्हणायला लागले होते. आणि घरच्या मुरुमाच्या कोर्टावर मी तिच्याशी सात-पाच, सहा-चार अशी खेळत होते, अधूनमधून जिंकतही होते. याचा अर्थ काय होतो ते मी मनात अनेकदा मांडून बघितलं होतं. अर्थ फार छान येत होता. फक्त तो खरा आहे की नाही हे बघायची संधी दर वेळी माझ्या तब्येतीमुळे हुकत होती.

तरीही मी उठले आणि निघाले. आमच्या घरात आप्पांना नाही म्हणायची पद्धत नव्हती. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि एका दृष्टीनं ते लंगडण्याला शोभूनही दिसत होतं.

क्लबमध्ये कडुनिंबाखाली टेबल टाकून रेफरी कर्णिक सर बसले होते. नियमांवर त्यांचं इतकं प्रेम होतं की त्यापुढे खेळाकडे त्यांचं थोडं दुर्लक्ष व्हायचं. मला येताना बघून ते चक्क उठले, हसले आणि हात पुढे करून काहीतरी बोलणार, एवढ्यात मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं.

"सर, माझा पाय मुरगळलाय. डावा. मी खेळू शकत नाही. वॉकओव्हर देते."

त्यांचा पुढे आलेला हात हवेतच राहिला.

"कुणाला देतेस?"

मला प्रश्न मूर्खपणाचा वाटला. "पद्माला. आणि कुणाला?"

"अगं बाई, ती मघाशीच येऊन तुला देऊन गेली! तिच्या पोटात दुखतंय. मी तुझं अभिनंदन करायला उठलो होतो."

म्हणजे फाटकापासून टेबलापर्यंत लंगडत येताना मी राज्य स्पर्धेच्या फायनलमध्ये होते. फक्त मला ते ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं आणि फायनलमधून बाहेर पडले.

"सर," मी दोन्ही पायांवर नीट उभी राहत म्हणाले, "आता जरा बरं वाटतंय."

"दुखापत एकदा जाहीर झाली की झाली."

"पण सर, आत्ताच तर बोलले."

"आणि मी आत्ताच ऐकलं," कर्णिक सर म्हणाले. ते दुःखी दिसायचा प्रयत्न करत होते, पण असा प्रसंग त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, आणि त्याला लागू पडणारा नियम त्यांना तोंडपाठ होता. "दोन्ही खेळाडूंची माघार. दोघी बाद. दुसऱ्या सेमीफायनलमध्ये जी जिंकेल ती परस्पर विजेती."

पद्मा पाण्याच्या टाकीमागे बसलेली सापडली. मला बघून ती दचकून उभी राहिली.

"अक्का, तू खेळतीयस ना फायनल?"

"कुठली फायनल? मी पण देऊन आले."

तिचं तोंड उघडंच राहिलं. "तू कशाला दिलीस?"

"मला आप्पांनी सांगितलं. तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही." ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "तुझी शेवटची स्पर्धा आहे ना. म्हणून."

मला एकदम भरून आलं. आप्पांच्या शब्दाबाहेर जाऊन या एवढ्याशा पोरीनं माझ्यासाठी निवड सोडली होती. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, लाजली.

थोड्या वेळानं आप्पा आले. पद्माची नवी रॅकेट त्यांनी फडक्यात गुंडाळून आणली होती. तिला नायलॉनच्या तारा होत्या, कारण चांगल्या तारा आतड्याच्या असतात आणि आम्ही जैन. पुढं परदेशात पद्मा कुठल्या तारांनी खेळली हे आप्पांनी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

"कर्णिकसाहेब, झालं ना सगळं?" त्यांनी प्रसन्नपणे विचारलं.

"झालं. दोघी बाद."

आप्पा आमच्याकडे बघत राहिले. ओरडायचं कुणावर हेच त्यांना ठरवता येईना. एकीनं बापाचं ऐकलं होतं, दुसरीनं बहिणीसाठी त्याग केला होता. दोन्ही गोष्टी त्यांनीच आम्हाला शिकवलेल्या. शेवटी ते कर्णिक सरांशी भांडले, आणि नियमांच्या बाबतीत कर्णिक सरांशी भांडून जे होतं तेच झालं.

दुसरी सेमीफायनल शर्वाणीनं जिंकली आणि फायनल न खेळता ती राज्य विजेती झाली. तिची आई आप्पांना मुद्दाम भेटायला आली. "आमची अगदी पूर्ण तयारी होती हो फायनलची," ती म्हणाली. "पद्मजाशी खेळायला मिळालं नाही म्हणून शर्वाणी किती हिरमुसली आहे." शर्वाणी मागे उभी राहून उसाचा रस पीत होती.

खरी पंचाईत क्लबचे सेक्रेटरी बिराजदार यांची झाली. संध्याकाळच्या फायनलला प्रमुख पाहुणे म्हणून एका सूतगिरणीचे चेअरमन अण्णासाहेब येणार होते. मांडव घातला होता, लाउडस्पीकर लावला होता, कुणाच्या तरी घरातून सोफा उचलून कोर्टाच्या कडेला ठेवला होता. कोर्टावर दोनदा पाणी मारून रोलर फिरवला होता. सगळं होतं, फक्त फायनल नव्हती.

"पाहुणे येणार ओ!" बिराजदार घाम पुसत म्हणाले. "मी काय दाखवू त्यांना? जाळी?"

ते आधी शर्वाणीच्या आईकडे गेले. एक सेट नुसता दाखवण्यापुरता खेळेल का? आई म्हणाली, जिंकलेली मुलगी मी कशाला खेळवू, आणि दुपारच्या बसची चौकशी करायला गेली. मग बिराजदार आमच्याकडे वळले.

"साहेब, तुमच्या पोरींचं ते पाय आणि पोट, संध्याकाळपर्यंत बरं होईल का ओ?"

आप्पांनी आमच्या पायाकडे आणि पोटाकडे आळीपाळीनं बघितलं. "बघू," ते म्हणाले. "पण सूर्यास्ताच्या आत संपलं पाहिजे. आमचं जेवण असतं."

मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एकच सेट होता. त्याचा निवडीला उपयोग नव्हता, तो कुठल्या नोंदीत जाणार नव्हता, कर्णिक सरांनी तर त्याकडे पाठ करून खुर्ची फिरवून घेतली होती. पण बघायला माणसं होती आणि समोर पद्मा होती. मला जे बघायचं होतं ते बघायला तेवढं पुरेसं होतं.

पद्माचा चेहरा मात्र पडला होता. "अक्का, नको ना खेळायला," ती दोनदा म्हणाली. "खरंच पोट दुखतंय माझं." मी म्हणाले, सकाळचं पोट अजून दुखतंय म्हणजे कमाल आहे.

मॅचच्या आधी आप्पा तिला मांडवाच्या मागे घेऊन गेले आणि बराच वेळ काहीतरी समजावत होते. ती मान हलवत होती. मला वाटलं, मनाला लावून घेऊ नको असं सांगत असतील.

अण्णासाहेब आले, सोफ्यावर बसले, आणि त्यांनी माईक हातात घेऊन जाहीर केलं की टेनिस हा त्यांचा लहानपणापासूनचा आवडता खेळ आहे. मग पद्माची पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. ते टाळ्या वाजवतात म्हणून सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला.

मी सुंदर खेळत होते. हे मी आज म्हणत नाही, तेव्हा मला तसं वाटत होतं. पद्मा दोन्ही कोपऱ्यांतून बॉल आणत होती, पण शेवटी तो माझ्या उजव्या हाताला येत होता आणि मी तो सणसणीत परतवत होते. पहिला गेम मी घेतला. दुसरा तिनं. मग लागोपाठ दोन मी. लोक ओरडत होते. बिराजदार माईकवरून "थोरल्या भगिनींचा जोरदार फटका!" असं सांगत होते. मी चार-दोन अशी पुढे गेले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे मांडलेला अर्थ खरा होता. राज्यात जिच्या तोडीची कुणी नाही तिच्या तोडीची मी होते, आणि हे आता चेअरमनसकट सगळ्यांना दिसत होतं.

मग एक बॉल आला.

मी घाईत परतवलेला तो बॉल नेटजवळ, हळू, पद्माच्या समोर पडला. मी उजवीकडे लांब फेकली गेले होते. माझी सगळी डावी बाजू मोकळी पडली होती. पुण्याच्या कुठल्याही मुलीनं तिकडे डोळे मिटून मारला असता. पद्मानं तिकडे बघितलं. मी तिला तिकडे बघताना बघितलं. आणि मग तिनं मनगट वळवलं आणि बॉल माझ्या पुढ्यात, उजव्या हाताला, अगदी मला आवडतो तसा आणून ठेवला. मी तो मारला. पॉइंट मला मिळाला. मांडव टाळ्यांनी दणाणला आणि मी तिथंच उभी राहिले.

माझा बॅकहँड, म्हणजे डाव्या बाजूला आलेला बॉल परतवायचा फटका, वाईट होता. वाईट म्हणजे आप्पांच्या भाषेत "तयार होतोय." आप्पा टेनिस शिकले ते वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकावरून, आणि त्या पुस्तकातली बॅकहँडची पानं कुणीतरी फाडून नेली होती. मी शिकले त्या पुस्तकावर. पद्माची पाळी येईपर्यंत त्यांना दुसरं पुस्तक मिळालं. बाहेरच्या मुलींना हे पहिल्या पाच मिनिटांत कळायचं आणि त्या डावीकडे मारून मारून माझा जीव घ्यायच्या. मी हरायचे ती तशीच. फक्त एकच मुलगी अशी होती की जिच्यापुढे मला बॅकहँड असल्याची आठवणही यायची नाही.

मी आठवून बघितलं. सांगलीचं कोर्ट, रोजची सकाळ, सात-पाच, सहा-चार. चार वर्षांत पद्मानं मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला मारलेला एक बॉल मला आठवेना. एकसुद्धा नाही.

मी नेटकडे चालत गेले.

"काय झालं ओ?" अण्णासाहेबांनी सोफ्यावरून विचारलं. "हवा गेली का बॉलमधली?"

पद्मा नेटपाशी आली. तिला कळलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"पद्मा."

तिनं आप्पांच्या दिशेनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. "आप्पा म्हणाले होते, अक्का रोज हरली तर खेळायचं सोडून देईल. मग पद्मा, तू कुणाशी खेळणार? म्हणून थोडे गेम द्यायचे. मधूनच एखादा सेट. आज पण सांगितलं, लोकांना चुरस दिसू दे."

"आणि सकाळी पोट दुखलं ते?"

"खरी मॅच झाली असती तर आप्पांनी पूर्ण जोर लावायला लावला असता. फायनलसाठी लवकर आटप म्हणाले असते. मग तुला कळलं असतं." आता ती सरळ रडायला लागली होती. "तुला कळलं असतं, अक्का. म्हणून मी आधीच जाऊन देऊन आले."

म्हणजे सकाळी मला जे भरून आलं होतं ते त्यागासाठी नव्हतंच. ती माझ्यासाठी बाजूला झाली नव्हती. मला सत्य दिसू नये म्हणून ती त्याच्यासमोर उभी राहिली होती, आणि त्यासाठी तिनं राज्याची निवड घालवली होती. चौदा वर्षांची पोरगी. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला कवेत घ्यावंसंही वाटलं. मध्ये नेट असल्यामुळे दोन्ही राहिलं.

"आता खरं खेळ," मी म्हणाले.

"नको ना, अक्का."

"खरं खेळ म्हणते ना."

"मग तू उद्यापासून खेळणार नाहीस माझ्याशी."

"ते मी ठरवीन. तू मार."

मी मागे गेले. बिराजदारांनी माईकवर सांगितलं की भगिनींनी एकमेकींना शुभेच्छा दिल्या. पद्मानं बाहीनं डोळे पुसले, बॉल दोनदा आपटला, आणि वर फेकला.

पुढचे चार गेम किती वेळ चालले मला सांगता येणार नाही. फार वेळ नक्कीच नाही. आप्पांचं जेवण व्यवस्थित सूर्यास्ताच्या आत झालं. बॉल डाव्या कोपऱ्यात यायचा, आणि मी तिथं पोचायच्या आत लाल मातीवर त्याची खूण तेवढी उरायची. मग उजव्या कोपऱ्यात. मग पुन्हा डाव्या. तिच्या रॅकेटचा आवाजसुद्धा वेगळा होता. इतकी वर्षं रोज तिच्यासमोर उभं राहून तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. मला एक पॉइंट मिळाला, तोही तिची सर्व्हिस दोनदा चुकली म्हणून. त्याला अण्णासाहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मला लाज वाटली. इतकी वाटली की कान तापले. चार वर्षं मी स्वतःच्या मनात मिरवत होते आणि घरातली दोन माणसं मला सांभाळून घेत होती. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते वर येत होतं. माझे पाय पळत होते, पण डोळे बॉलवर नव्हते, तिच्यावर होते. पुढं जगातल्या मोठमोठ्या नामांकित बायांना समोर उभं राहून जे बघावं लागणार होतं, ते सगळ्यांच्या आधी मी सोलापुरात बघत होते. शेवटचा बॉल माझ्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावरून गेला. मी रॅकेट उचललीसुद्धा नाही. खेळायचं राहून मी नुसती बघत उभी होते.

बक्षीस समारंभ झाला. शर्वाणीचा कप तिच्या वतीनं बिराजदारांनीच बिराजदारांना दिला. आम्हा दोघींना एकेक सोलापुरी चादर मिळाली. अण्णासाहेब भाषणात म्हणाले, "दोघी बहिणी एकाच तोलाच्या! थोरली जरा दमली म्हणून, नाहीतर कुणाला सांगता आलं नसतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाच मजकूर दुसऱ्या दिवशी पेपरात आला. आजही पद्मावर कुणी काही लिहिलं की त्यात थोरल्या बहिणीनं स्वतःची तेवढीच थोर कारकीर्द तिच्यासाठी सोडली असं असतंच. मी दर वेळी खरं काय ते सांगते. लिहिणारे त्यापुढं "आणि किती हा विनय!" असं जोडतात.

खोलीवर आल्यावर आप्पांनी ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू सोडलं असतंस, त्रिशला. पहिल्याच वर्षी."

"हो," मी म्हणाले. "सोडलंच असतं."

"सांगलीत तिच्याशी खेळायला दुसरं कोण होतं? मी? माझा गुडघा?"

"तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं, आप्पा."

"काय सांगायचं?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बापानं पोरीला काय सांगायचं, की तू कमी पडतेस?"

पद्मा भिंतीकडे तोंड करून नव्या चादरीत पडली होती. एवढ्या उकाड्यात तिनं ती डोक्यावरून घेतली होती. मी तिच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं. सूर्य बुडाला, आणि ती त्या दिवशी उपाशीच राहिली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मिरज मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "उद्या येणार आहेस का कोर्टावर?"

"येईन. पण एक सांगून ठेवते. माझ्या उजव्या हाताला मुद्दाम एक जरी बॉल टाकलास ना, तर रॅकेट टाकून घरी जाईन. आणि मग खेळत बस आप्पांच्या गुडघ्याशी."

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोर्टावर पाणी मारलं, रोलर फिरवला आणि आपापल्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो. आप्पा कडेच्या दगडावर येऊन बसले. पद्मानं बॉल हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

"मार की," मी ओरडले.

पहिला बॉल माझ्या बॅकहँडला आला. मी तो नेटमध्ये घातला. दुसराही तिथंच आला.